दान मधमाश्यांचे



गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकूंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. वाढदिवसाला त्याने आईला साडी धाडली नाही की पैसे धाडले नाहीत. धाडले एक कार्ड. काकू ते घेऊन माझ्याकडे आल्या नि म्हणाल्या, "अरे, हे जरा वाचून सांग. माझा चष्मा तरी बिघडलाय, नाही तर या पोराचं डोकं तरी!" मी कार्ड वाचले. तुमच्या नावाने एका गरजू शेतकरी कुटुंबासाठी मधमाश्यांची भेट देण्यात आली आहे, असा त्यातला मजकूर होता. काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गोदान ऐकलं होतं, अन्नदान ऐकलं होतं. डंख मारणारं दान आजच ऐकते बाई!"

आम्ही दोघेही हसलो. पण काकू मुळात विचारी. त्यांनी लगेच तीन प्रश्न केले. माश्या दान देतात म्हणजे काय करतात? ज्याला मिळतात त्याला त्यांचा उपयोग काय? आणि तिसरा, "त्या माश्या तिथं टिकल्या की उडून गेल्या?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी झटकन दिली. तिसऱ्याला मात्र जीभ अडखळली. का अडखळली ते पुढे सांगतोच. आज या तीन प्रश्नांविषयीच आपल्याशी बोलायचे आहे.

पहिला प्रश्न, हे दान म्हणजे काय. अशा दानाचा उगम शोधू गेले तर आपण स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळात जाऊन पोचतो. १९३६ ते १९३९ अशी तीन वर्षे ते युद्ध चालले. डॅन वेस्ट नावाचा एक अमेरिकन शेतकरी तेथे मदतकार्यासाठी गेला होता. उपाशी मुलांना दुधाचे वाटप करण्याचे काम त्याच्याकडे होते. वाटता वाटता त्याच्या मनात आले, आज पेलाभर दूध दिले, उद्या काय? यांच्या दारात गायच बांधली तर? परत गेल्यावर त्याने ही कल्पना लोकांपुढे मांडली, आणि १९४४ साली सतरा कालवडी पोर्टो रिको या बेटावर रवाना झाल्या. मात्र घेणाऱ्याला एक अट होती. कालवड व्याली आणि पाडी झाली, तर ती दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. म्हणजे आज जो घेणारा, तोच उद्या देणारा. त्या कामातून वाढलेली संस्था आज हायफर इंटरनॅशनल या नावाने ओळखली जाते. गाई, शेळ्या, कोंबड्या यांच्या जोडीला मधमाश्याही तिच्या दानाच्या यादीत आहेत. आपल्या माणसाच्या नावाने आपण पैसे भरायचे, आणि त्या माणसाला कार्ड जायचे, अशी ही पद्धत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काकूंच्या मुलाने भरलेल्या पैशांतून नेमकी एक पेटी घेतली गेली आणि ती नेमक्या एका घरी पोचली, असे समजू नये. हे पैसे संस्थेच्या एकूण कार्यासाठी वापरले जातात, आणि संस्था तसे लिहूनही देते. यात लबाडी काही नाही. फक्त देणाऱ्याने ते बारीक अक्षर वाचलेले असावे.

ब्रिटनमध्ये तर केवळ मधमाश्यांच्या द्वारे गरिबांना हात देण्यासाठी निघालेल्या संस्था आहेत. 'बीज फॉर डेव्हलपमेंट' ही १९९३ सालची, आणि 'बीज अब्रॉड' ही १९९९ सालची. आफ्रिकेतल्या खेड्यांत त्या काम करतात. आणि आपल्याकडे? महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याने हाती घेतलेल्या उद्योगांत मधमाशीपालन होते. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोग आला, आणि १९६२ साली पुण्यात मधमाश्यांच्या संशोधनाची व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था सुरू झाली. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपण ती थोडी विसरलो, एवढेच.

आता काकूंचा दुसरा प्रश्न. घेणाऱ्याला उपयोग काय?

असे पाहा, गाय दान दिली तर तिला गोठा हवा, वैरण हवी, पाणी हवे. भूमिहीन माणसाने वैरण आणायची कोठून? पुष्कळदा दान मिळालेली गाय वर्षाच्या आत बाजार दाखवते. मधमाशीला मात्र स्वतःचे रान लागत नाही. परसात, बांधावर, झाडाच्या सावलीत दोन हात जागा मिळाली की पेटी बसते. चरायला माशी आपली आपण जाते, आणि कोणाच्या कुंपणाला विचारत नाही. आपली सातेरी माशी घराच्या भोवती साधारण एक किलोमीटरच्या टापूत हिंडते. त्या टापूतली जांभळे, हिरडे, शेवगे, कारळ्याची शेते, काकडी-भोपळ्याचे वेल, सारी तिचीच.

सातेरी म्हणजे कोणती ते शिक्षक मंडळींनी मुलांना जरूर दाखवावे. आपल्या भागात माश्यांच्या मुख्य जाती तीन-चार. कड्याला नाही तर उंच झाडाला भलेमोठे एकच पोळे लावते ती आग्या माशी. ती पेटीत नांदत नाही, आणि चिडली तर माणसाचा जीवही घेते. झुडपाच्या फांदीला हातभर देखील नाही असे इवले पोळे लावते ती फुलोरी. तीही पेटीत राहत नाही. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, वारुळात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते ती सातेरी. अंधारात आणि समांतर पोळी बांधण्याची तिची सवय असल्यामुळेच ती पेटीत सुखाने राहते. चौथी ती युरोपियन माशी. ती आपल्या देशात १९६२ पासून स्थिरावली. मध ती जास्त देते, परंतु तिला खायलाही जास्त लागते, आणि फुलोऱ्यामागोमाग पेट्या घेऊन गावोगाव हिंडावे लागते. दोन पेट्यांच्या गरीब घराला बहुधा सातेरीच बरी.

पेटीची युक्तीही समजून घेण्याजोगी आहे. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या १८५१ साली एक गोष्ट लक्षात आली. दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि भिंत यांमध्ये माशीला ये-जा करण्यापुरती फट ठेवली, तर माश्या ती बुजवत नाहीत. ही फट साधारण एक सेंटीमीटरहून किंचित कमी. एवढ्याशा फटीच्या ज्ञानावर आजची सगळी मधपेटी उभी आहे. चौकटी सुट्या निघतात. खालच्या कोठीत राणी अंडी घालते, वरच्या कोठीत मध साठतो. मधाच्या चौकटी काढायच्या, यंत्रात फिरवायच्या, मध बाहेर पडतो, आणि पोळे जसेच्या तसे माश्यांना परत द्यायचे. पूर्वी पोळे पिळत. त्यात अंडी आली, पिले आली, सारीच मरत. आता एकही पिलू न मारता मध निघतो.

एक सातेरीची पेटी वर्षाला किती मध देते? चांगला फुलोरा असेल आणि निगा असेल तर पाचापासून दहा किलोपर्यंत. दोन पेट्यांवर संसार चालत नाही, हे मी स्वच्छ सांगतो. मधमाश्यांनी लखपती व्हाल असे जो सांगेल, त्याच्यापासून चार हात दूर राहा. परंतु मुलाची वह्या-पुस्तके, सासऱ्याचे औषध, पोळ्याला बैलाची नवी वेसण, एवढा वरखर्च दोन पेट्या भागवतात. आणि हा पैसा सावकाराकडे जाऊ देत नाही.

मधापेक्षाही मोठा लाभ शेताचा. माशी मधासाठी फुलावर बसते आणि जाता जाता एका फुलाचे पराग दुसऱ्याला पोचवते. कारळे, सूर्यफूल, काकडी, दुधी, कांद्याचे बी, या साऱ्यांना तिची गरज. बियाण्याचा कांदा करणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. गोंडे पांढरेशुभ्र फुलले, पण माशी आली नाही, तर हाती पोचट दाणे येतात. आज आपल्या राज्यात डाळिंबासाठी आणि कांद्याच्या बियाण्यासाठी पेट्या भाड्याने आणणारे शेतकरी आहेत, ते उगाच नव्हे. म्हणजे पेटी एकाच्या परसात आणि पीक चौघांच्या शेतात. दान एकाला द्यावे आणि पुण्य सगळ्या शिवाराला लागावे, असा हा प्रकार आहे.

आता तिसरा प्रश्न. माश्या टिकल्या का?

श्रोतेहो, काही वर्षांपूर्वी आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून डोंगराकडेच्या एका गावात दहा पेट्या दिल्या. पाच कुटुंबांना दोन दोन. कल्पना माझीच होती, म्हणून दोषही माझाच. फेब्रुवारीत समारंभ झाला. मांडव घातला, नारळ फुटले, भाषणे झाली. मी स्वतः पाऊण तास बोललो. माश्यांच्या पेट्या आणणाऱ्या माणसाने मात्र जेमतेम वीस मिनिटे माहिती सांगितली, कारण जेवणाला उशीर होत होता! फोटो निघाले, आम्ही गाडीत बसलो आणि परत आलो.

पुढे परीक्षा आल्या, पाऊस आला. दिवाळीच्या सुट्टीत मी त्या गावी गेलो. दहातल्या नऊ पेट्या रिकाम्या होत्या. एकीत कोंबडी अंड्यावर बसली होती. एकीत वालाचे बियाणे ठेवलेले होते. बाकीच्यांत मेणकिड्याने जाळी विणली होती. एका घरच्या म्हाताऱ्या बाबांनी मला घोंगडीवर बसवले, चहा दिला, आणि शांतपणे म्हणाले, "सर, पेटी दिलीत, उपकार झाले. पण पेटीत बघायचं काय, ते कुणी सांगितलंच न्हाई." त्यांच्या सुनेने मधाच्या भरवशावर मुलाला तालुक्याच्या शाळेत घालायचे ठरवले होते. फी भरायला शेवटी तिने शेळी विकली. आमच्या दानाने त्या घरात एक शेळी कमी झाली! गाडीत परत येताना मी कोणाशी बोललो नाही.

नेमके काय झाले होते? आपल्या डोंगराळ भागात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. फुले असली तरी माशीला बाहेर पडता येत नाही. पेटीतला मध संपतो. अशा वेळी साखर आणि पाणी सारख्या भागाने घेऊन पाक करून संध्याकाळी पेटीत ठेवावा लागतो. तो न मिळाला तर सातेरी घर सोडून जाते. ती बांधून ठेवलेली नसते! जी वसाहत अशक्त होते तिच्यात मेणकिडा शिरतो. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या नसतील तर मुंगळे चढतात. यातले काही अवघड नाही. पण सांगायला कोणीतरी हवे, आणि एकदा नव्हे, वर्षभर हवे.

मग दहावी पेटी कशी टिकली? ती ज्या बाईंच्या घरी होती, त्यांचे माहेर महाबळेश्वरच्या बाजूचे. त्यांचे मामा माश्या पाळत. लहानपणी त्यांनी मामांच्या हाताखाली पेटी उघडलेली होती. त्यांनी आषाढात साखरेचा पाक दिला, वाट्यांत पाणी ठेवले, दर आठवड्याला तळफळी पुसली. त्यांची दुसरी पेटी गेली, पण एक राहिली. मी विचारले, "ताई, तुम्हाला हे सगळं येतं, मग शेजाऱ्यांना का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "सर, समारंभात मला कुणी विचारलं न्हाई. आणि न विचारता सांगायला मी कोण?"

हे उत्तर मला फार लागले. ज्ञान त्या गावातच होते. आम्ही ते बाहेरून नेण्याच्या घाईत होतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो. या ताईंनाच गुरू केले. मार्चमध्ये त्यांनी आपली भरलेली पेटी दुभागली. राणी एका पेटीत राहिली, आणि दुसरीत राणीचे घर असलेली चौकट ठेवली. एकाच्या दोन झाल्या. दुसऱ्या वर्षी आणखी वाढल्या. सहा कुटुंबे तयार झाली. प्रत्येकाने पेटीच्या लाकडाचा काही भाग आपल्या पदरचा घातला. अट एकच ठेवली, पेटी वाढली की एक वसाहत दुसऱ्या घरी द्यायची. ताईंनी पहिली दिली आपल्या जावेला. या सहांपैकी चार घरी आज माश्या आहेत. दोन ठिकाणी गेल्या. मी याला यश म्हणतो, कारण आता गेल्या तर का गेल्या हे त्या घरांना कळते, आणि ते पुन्हा ढोलीतली सातेरी धरून पेटीत आणतात.

या अनुभवातून मी जे शिकलो ते चार गोष्टींत सांगतो.

पहिली, पेटी हे दान नव्हे, पेटीची निगा शिकवणे हे दान. शंभर रुपये असतील तर निदान निम्मे शिकवण्यावर आणि वर्षभराच्या फेऱ्यांवर खर्च करावे.

दुसरी, माशी जवळचीच द्यावी. दूरच्या मुलखातून वसाहती आणल्या तर त्यांच्यासोबत रोगही येतो. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती बसवल्या. पिले पोळ्यातच मरत होती. ती आठवण जुन्या मधपाळांच्या मनातून अजून गेलेली नाही. आपल्याकडे मुंबईची 'अंडर द मँगो ट्री' ही संस्था आदिवासी शेतकऱ्यांना त्यांच्याच शिवारातली सातेरी पेटीत आणायला शिकवते. ही रीत मला योग्य वाटते.

तिसरी, घेणाऱ्याचा स्वतःचा वाटा असू द्यावा, थोडा का होईना. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत निम्मे अनुदान आणि निम्मे स्वतःचे, असा नेम आहे, आणि प्रशिक्षणही आहे. फुकटच्या वस्तूकडे माणूस पाहुण्यासारखे पाहतो, आणि पदरच्या वस्तूकडे घरच्यासारखे.

चौथी, फुले राखावीत. पेट्या दहा दिल्या आणि शिवारात जांभूळ एक नाही, तर माशीने खावे काय? महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगावानेही तो मान मिळवला. ही दोन्ही गावे रानाच्या कुशीत आहेत, हे विसरू नये. आणि पीक फुलावर असताना, विशेषतः सकाळी, विषारी औषध फवारू नये. फवारायलाच हवे असेल तर संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर, आणि शेजारच्या पेटीवाल्याला आधी सांगून.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी दोन शब्द. शाळेच्या आवारात पेटी ठेवायची असेल तर मुलांच्या वाटेपासून दूर, झुडपांच्या आडोशाला ठेवा, आणि जाणता माणूस असल्याशिवाय उघडू नका. काहींना एका डंखानेही धाप लागते, अंगावर गांधी उठतात. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता थेट दवाखाना गाठावा. पण पेटी नसली तरी पुष्कळ करता येते. गावात कोणाच्या ढोलीत सातेरी आहे, कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलते, याची वही मुलांकडून करून घ्या. बारा महिन्यांचे असे फुलांचे पंचांग ज्या गावाकडे आहे, त्या गावाला पेटी द्यावी की नाही, दिली तर किती द्याव्यात, हे कोणीही सांगू शकेल. आणि गावात माश्यांचे जाणते कोण आहे, तेही विचारून ठेवा. कदाचित ती एखादी लेकुरवाळी बाई असेल, आणि तिला आजवर कोणी विचारलेलेच नसेल.

काकूंना मी हे सगळे सांगितले. आमची फजितीही सांगितली. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे गाय दिली तरी गवत कापायला शिकवायचंच की!" आणि मग त्यांनी मुलाला पत्र लिहायला बसवले मला. पत्रात आशीर्वाद होते, प्रकृतीची चौकशी होती, आणि शेवटी एकच ओळ मधमाश्यांविषयी होती. पुढच्या वर्षी पैसे धाडशील तेव्हा त्या संस्थेला विचार, की माश्या दिल्यावर वर्षभराने तिथं कोण जातं?

श्रोतेहो, तुम्ही कोणाला काही देणार असाल, तर एवढा एक प्रश्न आधी विचारावा, अशी माझी विनंती आहे.